पावाचा रतीब

बेल्जियममधल्या गेंट शहरात एक अवाढव्य वास्तू उभी आहे. आत नाट्यगृह, मैफलींचं दालन, उंच छताचं उपाहारगृह. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती बांधून झाली. राजवाड्याच्या दिमाखाची ही इमारत उभारणारे लोक मात्र कापडगिरण्यांत राबणारे कामगार होते. ती ज्या संस्थेने बांधली तिचं नाव 'व्होराउट', आणि या सहकारी संस्थेचा जन्म एका बेकरीतून झाला होता. आधी पाव, मग दुकानं, मग औषधालयं, वर्तमानपत्र, आणि शेवटी हा महाल.

पावासारख्या साध्या, रोजच्या वस्तूत नफा तो किती असणार? त्या चिल्लरीतून महाल कसा उभा राहतो? आणि आज, मैदा, वीज, लोणी, जागेचं भाडं सगळंच चढत असताना, जगात ठिकठिकाणी शेजारीपाजारी किंवा कामगार एकत्र येऊन स्वतःच्या मालकीच्या छोट्या बेकऱ्या चालवतात, त्या तग कशा धरतात? या प्रश्नाचा माग काढत गेलं की थक्क करणारी गोष्ट हाती लागते. बेकरीला सगळ्यात महाग पडते ती एक अशी गोष्ट, जी कोणत्याही बिलावर छापलेली नसते: उद्या किती गिऱ्हाईक येणार, हे ठाऊक नसणं.

आदल्या रात्रीचा अंदाज

पाव बनवणाऱ्याला निर्णय आदल्या रात्री घ्यावा लागतो. पीठ भिजवलं की यीस्टच्या पेशी पिठातली साखर खायला लागतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि गव्हातल्या प्रथिनांच्या लवचीक जाळ्यात तो वायू अडकून पीठ फुगत जातं. सावकाश आंबवलेल्या पावाला उत्तम चव येते, पण त्याला रात्रभर वेळ द्यावा लागतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया थंडाव्यात ठेवून लांबवता येते, थांबवता मात्र येत नाही. पहाटे भट्टीत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत पाव झपाट्याने वर येतो, कारण आतला वायू प्रसरण पावतो आणि मरता मरता यीस्टही जोर लावतं. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, पिठातला स्टार्च पाणी शोषून घट्ट होतो आणि पावाचा आकार कायमचा ठरतो. बाहेरचा पृष्ठभाग बराच जास्त तापतो तेव्हा तिथे तो तांबूस रंग आणि तो वास तयार होतो, ज्याने अख्खी गल्ली जागी होते.

आणि भट्टीतून बाहेर आल्याक्षणी उलटी गणती सुरू होते. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातला स्टार्च पुन्हा स्फटिकरूपात जुळू लागतो, म्हणून हवाबंद डब्यातला पावही कडक होतो. गंमत म्हणजे ही क्रिया शून्याच्या थोड्या वरच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव फडताळातल्या पावापेक्षा लवकर शिळा लागतो.

म्हणजे बेकरीवाल्याच्या एका बाजूला आदल्या रात्रीचा निर्णय आणि दुसऱ्या बाजूला काही तासांची मुदत. मधे फक्त अंदाज. तो चुकला तर काय होतं, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एका बेकरीच्या खर्चात पिठाचा वाटा एक चतुर्थांश आहे. पीठ एकदम ४० टक्क्यांनी महागलं, तर एकूण खर्च १० टक्क्यांनी वाढेल. आता दुसरं चित्र घ्या. पीठ जुन्याच भावाने मिळतंय, पण भाजलेल्या १०० पावांपैकी १५ उरले. त्या पंधरांचा खर्च विकल्या गेलेल्या ८५ पावांना उचलावा लागतो, आणि दर पावाचा खर्च जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. पिठाच्या भडक्याची वर्तमानपत्रात बातमी होते. रोज उरणाऱ्या पंधरा पावांची होत नाही. पण बेकरी बुडवायची ताकद त्या पंधरा पावांत जास्त आहे.

भट्टीचंही तसंच. जाड विटांची भट्टी तापवायला लागणारं इंधन आत पन्नास पाव ठेवले काय आणि दोनशे ठेवले काय, बरंचसं तेवढंच लागतं. भट्टी अर्धी रिकामी राहिली की दर पावामागचं इंधन जवळपास दुप्पट होतं. म्हणून तर जुने कसबी लोक उतरती आच वाया जाऊ देत नाहीत. कडक आचेवर पाव निघतो, आच उतरली की बिस्किटं आणि नानकटाई, आणि अगदी शेवटी मंद उबेत टोस्ट वाळतात.

गेंटच्या कामगारांची युक्ती

आता गेंटकडे परत पाहिलं की त्या महालाचं कोडं उलगडू लागतं. एकोणिसाव्या शतकात गेंट हे कापडगिरण्यांचं शहर होतं. मजुरी तुटपुंजी, आणि तिचा मोठा हिस्सा पावावर खर्च व्हायचा. १८७३ मध्ये तिथल्या कामगारांनी एक सहकारी बेकरी सुरू केली. तिच्यातूनच पुढे १८८० च्या सुमारास एडवर्ड आन्सेले आणि त्यांच्या साथीदारांनी 'व्होराउट' उभी केली.

त्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: रतीब. सभासद घरं पावाचे पैसे आगाऊ भरायची. दर आठवड्याला किती घरांना किती पाव लागणार हे बेकरीला आधीच कळायचं. उधारी नाही, त्यामुळे बुडीत खातं नाही. मागणी ठाऊक, त्यामुळे पीठ घाऊक भावात रोखीने घ्यायची सोय. भट्ट्या पूर्ण भरूनच पेटायच्या. जो खर्च इतर बेकऱ्या अंदाज चुकण्यापायी सोसत होत्या, तो इथे शिल्लक म्हणून हाती राहायचा. ती शिल्लक सभासदांना कूपनांच्या रूपाने परत मिळायची आणि ती कूपनं संस्थेच्याच इतर दुकानांत चालायची. म्हणजे पावावर वाचलेला पैसा कपडे आणि किराणा मालाच्या दुकानात जायचा, तिथून पुन्हा संस्थेत. आजारी पडलेल्या सभासदाच्या घरी काही आठवडे फुकट पाव पोचवण्याची सोयही त्यातूनच झाली.

भूक सगळ्यांना रोज ठरल्या वेळी लागते. ती आगाऊ सांगितली तर तिचं भांडवल होतं, हे गेंटच्या गिरणी कामगारांनी ओळखलं. मला या कथेतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

व्याज म्हणून पाव

सव्वाशे वर्षांनी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या स्लेथवेट नावाच्या गावात हीच कल्पना नव्या रूपात अवतरली. 'हँडमेड बेकरी' नावाच्या तिथल्या छोट्या बेकरीला भट्टी आणि यंत्रांसाठी भांडवल हवं होतं. तिने गावकऱ्यांकडून कर्ज घेतलं आणि त्यावरचं व्याज पावांच्या रूपात द्यायचं ठरवलं. पैसे लावणाऱ्याने दर आठवड्याला यायचं आणि आपला ताजा पाव घेऊन जायचं.

या साध्या कराराची घडण उलगडून पाहिली की कौतुक वाटतं. घेणाऱ्याच्या लेखी त्या पावाची किंमत दुकानातल्या भावाइतकी, तर बेकरीला तो पडतो उत्पादनखर्चात. भट्टी तापलेलीच असते, त्यात एक पाव जास्त ठेवायला फारसं जादा इंधन लागत नाही. म्हणजे बेकरी देते थोडं आणि घेणाऱ्याला मिळतं जास्त. पुढे महागाई वाढली तरी कर्ज देणाऱ्याचं नुकसान नाही, कारण बँकेतलं व्याज महागाईत झिजतं, पण पाव म्हणजे पावच. त्याची किंमत भावाबरोबर आपोआप वर जाते. वर हा माणूस दर आठवड्याला ठरल्या दिवशी दुकानात येणार, म्हणजे आणखी एका घराची ये-जा आधीच ठाऊक. पाव नेताना एखादं बनही घेणार, आणि एखाद्या आठवड्यात पाव फसला तर तोंडावर सांगणार. सावकार, गिऱ्हाईक आणि चव पारखणारा, तिन्ही एकाच माणसात.

रोज एकच पिझ्झा

कामगारांनीच बेकरी चालवायची म्हटलं की काय होतं, ते पाहायला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला जाऊ. तिथे १९६७ मध्ये एका जोडप्याने 'चीझ बोर्ड' नावाचं चीजचं छोटं दुकान काढलं. १९७१ मध्ये त्यांनी ते दुकान तिथे काम करणाऱ्यांनाच विकलं आणि त्यांच्याबरोबरीचे भागीदार होऊन राहिले. नव्याला आणि जुन्याला तासाची मजुरी सारखी, निर्णय सगळ्यांनी मिळून. पुढे तिथे पाव भाजले जाऊ लागले. मग कामगार स्वतःच्या जेवणासाठी जो पिझ्झा करत, तो गिऱ्हाइकांनाही हवासा वाटू लागला.

तो पिझ्झा ते कसा विकतात? रोज एकाच प्रकारचा, शाकाहारी. आज बटाट्याचा असेल तर सगळ्यांना बटाट्याचाच. आठवड्याची यादी आधीच जाहीर होते. निवड नाही म्हणून लोक पाठ फिरवतील असं वाटेल, पण तिथे रांगा लागतात. वीस प्रकार ठेवणाऱ्या दुकानाला प्रत्येक प्रकारासाठी वेगळा अंदाज बांधावा लागतो, आणि वीस अंदाजांपैकी काही चुकणारच. इथे 'काय' हा प्रश्नच उरत नाही, फक्त 'किती' उरतो. भाजी एकाच प्रकारची, घाऊक आणि हंगामातली. पिझ्झा सतत भट्टीतून बाहेर येत असतो, त्यामुळे कोणासाठी वेगळं थांबणं नाही. चव न गमावता खर्च कमी करण्याची याहून साधी रीत मला माहीत नाही.

हिशेबही तितकाच उघडा. पाव बनवणाऱ्यांची जगभर एक मोजपट्टी असते, तिच्यात सगळं पिठाच्या प्रमाणात मोजतात. पीठ १००, तर पाणी ६५, मीठ २, यीस्ट १. हे चार आकडे समजले की कालपरवा आलेला माणूसही दहा किलोचा घाणा शंभर किलोचा करू शकतो आणि दर पावाचा खर्च कागदावर मांडू शकतो. लोणी महागलं तर त्याचा फटका किती, हे मालकाच्या केबिनमध्ये न राहता पीठ मळणाऱ्याच्या डोक्यात असतं. तोच मालक असल्यामुळे उपायही तोच सुचवतो: या पदार्थात लोणी कमी करू, तो पदार्थ हिवाळ्यापुरता ठेवू, कालच्या पावाचा पुडिंगसाठी वापर करू.

याहून नवलाची गोष्ट पुढची. १९९७ मध्ये शेजारच्या ओकलंडमध्ये 'आरिझमेंडी' नावाची दुसरी कामगार-बेकरी निघाली, आणि 'चीझ बोर्ड'ने तिला आपल्या पाककृती देऊन टाकल्या. नुसत्या पाककृतीच नव्हे, चालवण्याची रीतसुद्धा. स्पेनच्या बास्क प्रांतात मोंद्रागोनच्या सहकारी चळवळीचा पाया घालणारे पाद्री होसे मारिया आरिझमेंदियारिएता यांच्या नावावरून या बेकरीला नाव मिळालं. पुढे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास तशाच आणखी बेकऱ्या निघाल्या. प्रत्येक बेकरी स्वतंत्र, आपापल्या कामगारांच्या मालकीची. पण सगळ्या मिळून उत्पन्नातला काही भाग एका सामाईक संघाकडे देतात. हा संघ हिशेब आणि कायद्याची कामं पाहतो आणि नव्या बेकऱ्या उभ्या करायला मदत करतो. व्यापारात जी गोष्ट कुलपात ठेवतात ती इथे वाटली गेली, आणि वाटल्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्यांचा चाचपडण्याचा खर्च वाचला.

२०२२ चा घाव

या सगळ्याची कठोर परीक्षा २०२२ मध्ये झाली. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. जगाच्या गहू निर्यातीतला पाव हिस्सा आणि वर हे दोन देश मिळून पुरवत होते, आणि सूर्यफुलाच्या तेलात युक्रेन अग्रेसर होता. गहू कडाडला, तेल कडाडलं, युरोपात गॅस आणि वीज तर आकाशाला भिडली. भारतानेही १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनमध्ये घरगुती वीजदरांना सरकारी मर्यादा होती, पण ती छोट्या धंद्यांना लागू नव्हती. भट्टी पेटवणाऱ्यांवर हा घाव थेट पडला.

लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड वस्तीतली 'होमबेक्ड' ही अशा काळात चाललेली सहकारी बेकरी. तिची कथा अशी: फुटबॉलच्या सुप्रसिद्ध मैदानासमोर एका कुटुंबाची जुनी बेकरी होती. पुनर्विकासाच्या नावाखाली आसपासची घरं रिकामी होत गेली, गिऱ्हाईक आटलं आणि बेकरी बंद पडली. २०१० च्या सुमारास झान फान हेस्वैक या डच कलावतीने लिव्हरपूलच्या कला-महोत्सवाच्या निमित्ताने तिथल्या रहिवाशांबरोबर काम सुरू केलं. रहिवाशांनी जागेसाठी सामुदायिक भूमी-न्यास स्थापन केला आणि २०१३ मध्ये भट्टी पुन्हा पेटली. धंदा सहकारी संस्थेचा, जागेची चिंता न्यासाची, ही विभागणी फार शहाणपणाची. वस्ती सुधारली की भाडं वाढतं आणि ज्यांनी ती सुधारली तेच बाहेर फेकले जातात, हा अनुभव सगळीकडचा. जागाच वस्तीच्या हाती असली की ही अनिश्चितता मुळातूनच कमी होते.

आणि मागणी? ती समोरच्या मैदानाने आखून दिलेली. सामन्याचं वेळापत्रक आधीच जाहीर असतं. त्या दिवशी हजारो माणसं दारावरून जाणार आणि सारण भरून भाजलेले गरमागरम 'पाय' (pie) घेणार. सामन्याच्या दिवसांची कमाई इतर दिवसांना हात देते. २०२० मध्ये कोविडमुळे सामने प्रेक्षकांविना होऊ लागले आणि हा आधार एका झटक्यात गेला. तेव्हा भट्टी शेजाऱ्यांसाठी पाव भाजत राहिली. ज्या वस्तीने बेकरी वाचवली होती, तिच्या ताटात तो पाव गेला.

सहकारी असल्याने गहू स्वस्त होत नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. विजेचं बिल सहकार ओळखत नाही. फरक पडतो तो बिल आल्यानंतर. खाजगी दुकानात भाव वाढला की गिऱ्हाइकाला संशय येतो आणि पगार अडला की कामगाराला. वह्या उघड्या असलेल्या ठिकाणी भाव का वाढला हे लोकांना ठाऊक असतं, त्यामुळे ते टिकून राहतात. कठीण काळात गिऱ्हाईक न हलणं, ही कोणत्याही अनुदानाइतकी मोलाची गोष्ट आहे.

या वाटेवर धोके आहेत, आणि त्यांचा धडाही गेंटनेच दिला. आन्सेलेंच्या चळवळीने पुढे गिरण्या घेतल्या, मग बँक काढली. १९३४ मध्ये महामंदीच्या तडाख्यात ती कामगारांची बँक कोसळली. पावाच्या व्यवहारात प्रत्येक घराची भूक ठाऊक होती. जागतिक कापडबाजाराची भूक कोणाला ठाऊक असणार? जे बळ ओळखीतून आलं होतं, ते ओळखीबाहेर पाऊल पडताच ओसरलं. छोट्या बेकऱ्या एकाचं मोठं दुकान करण्याऐवजी आरिझमेंडीसारख्या शेजारी-शेजारी वाढतात, यामागे हे शहाणपण आहे.

आपल्या गल्लीत

ही ओळख आपल्याला नवी नाही. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ दारात येतो. कोणत्या घरी किती 'पोई' पाव, कोणाला 'उंडो' पाव, कोणाकडे पाहुणे आलेत, हे त्याला ठाऊक असतं. त्याची भट्टी गावाच्या भुकेप्रमाणे पेटते. आणि मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. पीठ केंद्रावर मळून मिळतं, बहिणी ते घरी नेऊन लाटतात, आणि प्रत्येक बहीण मालकीण. १९५० मध्ये प्रवरानगरला आपला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झालेल्या महाराष्ट्राला, मिळून धंदा करणं म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही.

पण आपल्या पाववाल्यांवर मोठा प्रसंग आला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा विचार करून लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याबाबत आदेश दिला, आणि महापालिकेने त्यासाठी त्याच वर्षीच्या जुलैपर्यंतची मुदत घातली. हवा शुद्ध व्हायलाच हवी, ती भट्टीपुढे उभा राहणारा कारागीरही श्वासात घेतोच. मात्र जुन्या इमारतींतलं भंगार लाकूड स्वस्तात जाळणाऱ्या छोट्या बेकरीला गॅसची किंवा विजेची भट्टी म्हणजे एकरकमी मोठा खर्च आणि रोजचं वाढलेलं बिल. वडापावपासून मिसळीपर्यंत ज्याच्यावर शहराचा नाश्ता उभा आहे, तो लादी पाव दोन-चार रुपयांनी वाढला तरी आपण कुरकुरतो.

इथेच गेंट, स्लेथवेट आणि बर्कली कामाला येऊ शकतात. आसपासच्या चार बेकऱ्यांनी मैदा एकत्र घ्यावा. एकाच चांगल्या भट्टीचा वापर वेळा वाटून करावा. गृहनिर्माण सोसायटीने दुधासारखाच पावाचा रतीब लावावा, महिन्याचे पैसे आगाऊ द्यावेत. बचत गटाने भट्टीसाठी पैसे लावावेत आणि व्याज म्हणून दर रविवारी कडक पाव घरी न्यावा. यातली एकही गोष्ट अशक्य नाही, आणि प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे करून दाखवलेली आहे.

गव्हाचा भाव काळ्या समुद्रावर ठरतो, गॅसचा आणखी कुठे. तो आपल्या हातात नाही. उद्या आपल्या घरी किती पाव लागतील, हे मात्र आपल्यालाच ठाऊक असतं, आणि ते आजच सांगून टाकायला काही पडत नाही. गल्लीतल्या पन्नास घरांनी एवढं केलं, तर तिथल्या भट्टीचा सगळ्यात मोठा खर्च उद्यापासून कमी होईल.